‘आदरणीय व्यासपीठ’ बाजूला ठेवून: मुलांना ऐकायला, बोलायला आणि वाद घालायला कसं शिकवावं

‘आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ एक ऑगस्टला महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात जा, हे वाक्य कानावर पडणारच. पाठोपाठ शेंगांची टरफलं येतात. मग एखादं पोर मध्येच अडकतं, वर बघतं, मागचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतं आणि सुटतं. टाळ्या पडतात. शांतचित्ताने ऐकलेलं मात्र कुणीच नसतं, कारण पुढच्याला स्वतःचं भाषण विसरायची धास्ती असते आणि मागच्यांना ऊन लागत असतं.

मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. पाठ केलेलं भाषण हे पाठांतर आहे, बोलणं नाही, असं माझं सरळ मत आहे. आणि वादविवादात जीभ जेवढी लागते त्याच्या दुप्पट कान लागतात. म्हणून खाली जे सांगते आहे त्याचा क्रम मुद्दाम असा आहे: आधी ऐकणं, मग विचारणं, मग सांगणं आणि सगळ्यात शेवटी वाद. सप्टेंबरच्या आत वादविवादाला हात घालू नका. स्पर्धेचं पत्रक आलं तरी नाही.

वेळ कुठून काढायचा, हा पहिला प्रश्न येतो. वेगळा तास मागायची गरज नाही. परिपाठ रोज होतोच. शनिवारी सकाळची शाळा असते आणि २०२४पासून ‘आनंददायी शनिवार’ हा सरकारी उपक्रम कागदोपत्री तरी आपल्याकडे आहेच. त्यातली एक तासिका या कामाला लावा. मुख्याध्यापकांनी विचारलं तर आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर वर्गातलं काम बघून केलेल्या मूल्यमापनाचा, तक्ता पुढे करा. त्यात ‘तोंडी काम’ या रकान्याखाली भाषण-संभाषण, मुलाखत, गटचर्चा हे सगळं २०१०पासून लिहिलेलं आहे.

परिपाठातली बातमी

बहुतेक ठिकाणी बातम्या वाचणारं मूल वर्तमानपत्राचं कात्रण हातात धरून एका श्वासात वाचून टाकतं. हे बदलायला काही खर्च नाही. बातमी घरून वाचून यायची किंवा पुणे आकाशवाणीच्या सात दहाच्या बातम्यांत ऐकून यायची, आणि कागद खिशात ठेवून तीन वाक्यांत सांगायची: काय झालं, कुठं झालं, आपल्याला त्याचं काय. सांगून झालं की सांगणाऱ्यानेच दोन प्रश्न विचारायचे. उत्तर कुणी द्यायचं ते हजेरीपटावर बोट ठेवून ठरवा, हात वर करणाऱ्यांना विचारू नका. तीच चार पोरं वर्षभर उत्तरं देतात. पहिल्या आठवड्यात शांतता पसरते. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेतले कान टवकारतात, कारण बोट आपल्यावर पडू शकतं हे कळलेलं असतं.

पाठीला पाठ

दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. चित्र साधंच हवं: विहीर, विहिरीशेजारी लिंबाचं झाड, झाडाला बांधलेली शेळी, मागे डोंगर. चित्रवाल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. पहिल्या फेरीत काढणाऱ्याला तोंड उघडायची परवानगी नाही. मग कागद शेजारी शेजारी ठेवून बघायचं. शेळी विहिरीत पडलेली असते आणि वर्ग लोळून हसतो. दुसऱ्या फेरीत काढणाऱ्याला प्रश्न विचारता येतात. ‘उजवीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडं का माझ्या?’ हा प्रश्न कुठल्या तरी जोडीतून येतोच. तो आला की तास थांबवा आणि सगळ्यांना ऐकवा. न कळलेलं विचारायचं असतं, आणि समोरच्याला आपल्यासारखं दिसत नसतं, हे दोन्ही तिथं एका दमात समजतं. यावर प्रवचन देऊ नका. चित्र पुन्हा काढायला लावा.

हा खेळ दर शनिवारी नको. महिन्यातून एकदा पुरे, नाहीतर मुलं चित्रंच पाठ करतात.

प्रश्नातून प्रश्न

ऐकण्याची खरी परीक्षा मुलाखतीत होते. आमच्या भागात ७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून घरोघर आहेत, म्हणून मी तोच विषय देते. तुमच्याकडे पूर असेल, धरणात गेलेलं गाव असेल, बंद पडलेली गिरणी असेल. आजी-आजोबांना शाळेत बोलवा किंवा मुलांना घरी पाठवा. एकच नियम: पहिला प्रश्न घरून लिहून आणायचा, दुसरा आणू नये. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातूनच निघाला पाहिजे.

पहिल्या खेपेला मुलं विचारतात, ‘दुष्काळ कसा होता?’ आजी म्हणते, ‘लई वाईट.’ संपलं. मूल वहीत लिहितं: लई वाईट. मग वर्गात यावर बोलायचं, की अशा प्रश्नाला दुसरं उत्तर येणार तरी कुठून? पुढच्या खेपेला एका मुलीने विचारलं, ‘त्या वर्षी सकाळी काय खायाचा?’ आजी म्हणाली, ‘मिलूची भाकर. लाल भडक. गळ्याखाली उतरायची न्हाई.’ मुलीला मिलो म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून तिने तेच विचारलं. परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, रेशनची रांग, खडी फोडायचं काम, पोरांना मिळणारी सुकडी, सगळं एकापाठोपाठ एक निघालं. तिच्या शेजारच्या मुलाने ‘सकाळी काय खायाचा’ हाच प्रश्न आपल्या आजोबांना विचारला, उत्तर ऐकलं आणि लगेच ‘तुमचा आवडता सण कोणता’ असं विचारलं. दोघांच्या वह्या शेजारी ठेवून वर्गाला वाचून दाखवा, नावं न घेता. फरक काय, ते मुलंच सांगतात.

उभं राहून बोलणं

बुजऱ्या मुलाला एकदम वर्गापुढे उभं करू नका. आधी एकाला सांगू दे, मग चौघांना, मग अर्ध्या वर्गाला. तीच गोष्ट तीनदा सांगितली की चौथ्यांदा सगळ्यांसमोर सांगायला फार काही उरत नाही. विषय मुलाच्या हाताखालचा हवा: आमच्या शेळीला करडू झालं ती रात्र, चुलत्याच्या लग्नात मी हरवलो, पंक्चर कसं काढतात. ‘माझा आवडता पक्षी’ दिलात तर मोर येतो आणि मोराबरोबर निबंधाची वही येते.

वेळ एक मिनिट. कागद नाही. फार तर तळहातावर पेनाने तीन शब्द लिहायचे. मला हे तीन शब्द फार उपयोगी वाटतात, कारण वाक्य लिहायला तळहातावर जागाच नसते.

आवाजासाठी बोलणाऱ्याला खिडकीजवळ आणि एका मुलाला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं करा. कोपऱ्यातल्याला ऐकू आलं नाही तर त्याने हात वर करायचा, बस्स. ‘मोठ्याने बोल’ असं बाईंनी दहादा म्हणण्यापेक्षा तो हात लवकर काम करतो. पत्र्याची खोली असेल तर पावसात हा प्रकार करू नका, पोरं किंचाळायला शिकतात.

अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, मीसुद्धा नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगून ठेवा. मिनिट संपलं तरी त्याला चालू ठेवू द्या. घड्याळ बाकीच्यांसाठी.

बोलीचं काय, हे नेहमी विचारलं जातं. ‘म्या गेलतो’, ‘समदी आली’, ‘न्हाई’ असं मूल म्हणालं की मधेच दुरुस्त करणारे शिक्षक मला अजिबात पटत नाहीत. मूल सांगत असतं ती गोष्ट मध्येच तुटते आणि पुढच्या वेळी ते मुकाट बसतं. बोलू द्या. नंतर कधीतरी तीच गोष्ट दोनदा सांगायला लावा: एकदा आजीला, एकदा तालुक्याहून आलेल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना. मुलं आपणहून भाषा बदलतात. दोन्ही त्यांना येतात. कुठे कुठली वापरायची एवढंच शिकवायचं असतं. साहेबांसमोर एखादी तावातावाने आजीचीच भाषा बोलली तरी काही बिघडत नाही.

आणि एक ऑगस्टची भाषणं? ती बंद करता येणार नाहीत, पालकांची हौस असते. मी एवढंच करते: प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न. वक्त्याने उत्तर दिल्याशिवाय खाली बसायचं नाही. वडिलांनी लिहून दिलेलं किंवा यूट्यूबवरून उतरवलेलं भाषण या एका प्रश्नापुढे टिकत नाही, आणि पुढच्या वर्षी पोरं विषय समजून घेऊन येतात. एका वर्षी कुणीतरी विचारलं, ‘टिळक वारले आणि अण्णाभाऊ जन्मले, दोन्ही एक ऑगस्टलाच. मग यांची भेट झाली असंल का?’ वक्त्याला उत्तर येईना. शोधायला लावलं. दोन्ही तारखा १ ऑगस्ट १९२० याच. म्हणजे एक मुंबईत गेले त्याच दिवशी दुसरे वाटेगावात जन्मले. हे शोधून काढल्यावर त्या मुलाची मान जी ताठ झाली, ती कुठल्या करंडकानं झाली नसती.

वादविवाद

विषयापासून सुरुवात करू. ‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयाला आता पेन्शन द्यावी. त्यात वाद काहीच नसतो, दोन निबंध आळीपाळीने वाचले जातात. विषय निवडताना मी तीन गोष्टी बघते. वर्गात खरोखरच दोन मतं आहेत का? माहिती पायी जाऊन मिळेल का? आणि कुठल्याही मुलाच्या घराकडे बोट जाईल का? शेवटचं फार महत्त्वाचं. दारू, बालविवाह, जात, कर्ज यांवर बोलायला हवंच, पण ‘बाजूने-विरोधात’ असं नाही. एखाद्या मुलाच्या घरातलं दुःख दुसऱ्या मुलाचा मुद्दा होता कामा नये.

आमच्याकडे रंगलेला विषय: गावच्या यात्रेत डीजे असावा की नुसता ढोल? यावर माणदेशात घराघरात दोन तट आहेत.

बाजू चिठ्ठीने ठरवा, आणि आठवडाभर आधी. मूल म्हणतं, ‘बाई, मला तर डीजे आवडतो, मी विरोधात कसा बोलू?’ म्हणूनच बोल, म्हणावं. हा काही नवा प्रकार नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूने सवाल टाकला की दुसरीला त्याच सवालाचा जवाब द्यावा लागे. न ऐकता गाणारा शाहीर तिथं उघडा पडायचा. मोठ्या वर्गांना टिळक-आगरकरांचं उदाहरण सांगा. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादापायी आगरकरांनी १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्या दोघांच्या दोन्ही बाजू वर्गात मांडून बघा. नववीची मुलं दोन तास भांडतात.

तयारीच्या आठवड्यात प्रत्येक मुद्द्याच्या पुढे मुलांनी तीनपैकी एक शब्द लिहायचा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. ‘डीजेमुळे म्हातारी माणसं आजारी पडतात’: हे पाहिलं का? नाही बाई, ऐकलं. कुणाकडून? मग त्या माणसाला विचारून ये. ‘वाटलं’ हा शब्द चालतो, पण बोलतानाही ‘मला वाटतं’ असंच म्हणायचं. एक मुलगा पोलीस पाटलांकडे जाऊन आला: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. विरोधी बाजू खूश. दुसऱ्या गटातली मुलगी मोठ्या भावाच्या मोबाइलवर ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम धुंडाळून आली: सण-समारंभासाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. आता बाजूवाले खूश. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादाही तिथंच सापडली. मग ५५ म्हणजे किती, हे बघायला मोबाइलवरचं मोजायचं ॲप वर्गात चालू केलं. ते काही काटेकोर यंत्र नव्हे, पण मधल्या सुट्टीत आमचाच वर्ग ५५च्या किती वर जातो हे बघून दोन्ही बाजू जरा वरमल्या.

आता प्रत्यक्ष तास. पस्तीस मिनिटांत असं बसतं: दोन्ही बाजूंचे पहिले वक्ते दोन-दोन मिनिटं. मग दोन मिनिटं कुजबुज, आपापल्या गटात. दुसरे वक्ते दोन-दोन मिनिटं, पण त्यांना एक अट, जी खाली सांगते. नंतर आठ-दहा मिनिटं वर्गाचे प्रश्न. शेवटी एकेक मिनिट समारोप. उरलेला वेळ मुद्दे नोंदणाऱ्यांचा, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. हातात डस्टर असेल त्यानेच बोलायचं. वेळेची शिट्टी सगळ्यात बडबड्या मुलाकडे द्या, त्याचं तोंड आपोआप बंद राहतं.

अट अशी: खोडून काढण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, ‘तुझं म्हणणं असं की...’ आणि समोरच्याने ‘हो, असंच’ म्हटल्यावरच पुढे जायचं. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

ती कशी काम करते ते बघा. ढोलाच्या बाजूची मुलगी म्हणाली, ‘डीजे आला की आमची म्हस दूध देत न्हाई.’ वर्ग हसला. डीजेवाला उठला, ‘तुझं म्हणणं असं, की आवाजानं म्हैस घाबरते.’ त्याचं उत्तर तयार होतं: डीजे देवळापाशी असतो, तुमचा गोठा मळ्यात आहे, एवढ्या लांब आवाज येत नाही. पण मुलगी म्हणाली, ‘घाबरती असं म्या कुठं म्हनलं? धारंच्या टायमाला घरातलं समदं मानूस नाचाया जातं. धार काढायची कुनी?’ पोरगा उभाच राहिला. तयार उत्तर वाया गेलं होतं. त्याने पुन्हा सांगितलं, ‘तुझं म्हणणं असं, की डीजेमुळं घरात कामाला कुणी राहत नाही.’ ‘व्हय, आसंच.’ मग त्याने थोडा विचार करून विचारलं, ‘मग ढोल असला की घरातली माणसं जात नाहीत का?’ आता मुलगी विचारात पडली. ती अट नसती तर दोघांनी गोठा किती लांब आहे यावर दहा मिनिटं घालवली असती.

वक्ते सहा-आठच असतात. बाकीच्यांना प्रेक्षक बनवू नका. चौघांना नोंदायला बसवा, दोन रकाने आखून. वाक्य नाही, मुद्दा दोन-तीन शब्दांत. कुठल्या मुद्द्याला उत्तर मिळालं त्यावर बाण, कुठला तसाच राहिला त्याला गोल. शेवटी तेच वाचून दाखवतात, आणि गोल राहिलेल्या मुद्द्यांवर खरी चर्चा होते. आमच्याकडे गोल राहिला तो पैशाचा मुद्दा: ढोलवाले आपल्याच वाडीतले, वर्गणी गावात राहते, डीजे बाहेरून येतो. त्याला डीजेच्या बाजूकडून कुणीच हात लावला नव्हता.

निकाल टाळ्यांवर लावू नका. वाद सुरू व्हायच्या आधी मुलांना मतानुसार खोलीच्या दोन भिंतींना उभं करा, संपल्यावर पुन्हा. जी भिंत बदलून गेली त्यांना एवढंच विचारा, कुणाच्या कोणत्या बोलण्यानं? त्यांना ‘पलटी मारली’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी नोंदवही.

गुणांचं काय

तोंडी गुण खिरापतीसारखे वाटायची आपली जुनी सवय आहे. २०१९च्या दहावीला भाषा विषयांतले वीस अंतर्गत (तोंडी) गुण काढले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१०वर आला, पुढच्या वर्षी ते गुण परतले. त्या वीस गुणांसाठी किती मुलांना खरंच बोलतं केलं जातं, ते प्रत्येकाने आपापलं बघावं. आमच्या प्राथमिकच्या नोंदवहीतही ‘आत्मविश्वासाने बोलतो’ हे वाक्य पानोपानी उतरवलेलं असतं. त्याऐवजी जे ऐकलं ते लिहा: ‘समोरच्याचा मुद्दा नेमका सांगते, स्वतःच्या मुद्द्याला पुरावा देत नाही.’ ‘प्रश्न चांगले विचारतो, वर्गापुढे उभा राहत नाही.’ एका शनिवारी पाच मुलांच्याच नोंदी करा, सगळा वर्ग एकदम टिपायला गेलात तर ऐकणं राहून जातं. पालकसभेत अशी नोंद वाचली की आई-वडील ‘म्हणजे काय हो बाई?’ असं विचारतात, आणि बोलणं सुरू होतं.

बाजूंच्या चिठ्ठ्या मात्र फेकू नका, नावं लिहून पाकिटात ठेवा. दुसऱ्या सत्रात विषय तोच घ्यायचा आणि त्याच मुलांना उलटी बाजू द्यायची आहे.